सतरा सप्टेंबर, असई आणि तेरा वसाहती

सतरा सप्टेंबरला आमच्या जालन्यात झेंडावंदन असतं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पुण्यात ऑफिसातल्या लोकांना हे दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं, की बाबांनो, देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आम्ही निजामाच्या राज्यात होतो, आमचा नंबर १७ सप्टेंबर १९४८ ला लागला. मग ते "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात. असो.

तर झालं असं, की मागे एकदा सतरा सप्टेंबरला लागून सुट्टी मिळाली म्हणून मी ताईकडे जालन्याला गेलो होतो. माझी भाची तिथल्याच एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय इतिहास. गेलो तेव्हा बाईसाहेब ओट्यावर बसून पाठांतर करत होत्या. विषय काय, तर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध.

"मामा, कारणं दहा आहेत अन् परिणाम आठ. सगळे पाठ झालेत. विचारा."

मी काय विचारणार? मी पडलो इंजिनियर. दहावीनंतर इतिहासाचं पुस्तक परीक्षेसाठी म्हणून कधी उघडलं नाही. पण त्याच्या आधीची काही वर्षं मी ऑफिसच्या बसमध्ये येता-जाता येल विद्यापीठातल्या प्राध्यापिका जोआन फ्रीमन यांची अमेरिकन क्रांतीवरची व्याख्यानं ऐकली होती. (हा सगळा कोर्स विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकचे असे काही फायदे पण असतात!) त्या जोरावर मी तिला सहज विचारलं, "बरं, मग अमेरिकन जिंकले कशामुळे?"

"त्यांच्यात एकी होती म्हणून." मग तिने दुसरी वही उघडली. त्यात प्रश्न होता, मराठ्यांच्या पराभवाची कारणे. पहिलं कारण, दुही व फितुरी. "अन् आपण हरलो, कारण आपल्यात फितुरी होती. सोपंय."

दोन वह्या, दोन उत्तरं. दोन्हीला मार्क मिळतात. पण माझं डोकं तिथेच अडकलं. कारण मी जे ऐकलं होतं त्यात अमेरिकनांची एकी कुठे दिसली नव्हती!

एकी? कुठे होती?

आता तुम्हीच बघा. बेंजामिन फ्रँकलिन म्हणजे क्रांतीतला केवढा मोठा माणूस, पण त्याचा सख्खा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता आणि तो शेवटपर्यंत इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला. बापलेकांचं पुढे कधी धड जमलं नाही. बेनेडिक्ट आर्नल्ड हा साराटोगाच्या लढाईतला नावाजलेला सेनानी. त्याने १७८० साली वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांना विकायचा घाट घातला. बेत फुटला, गडी पळून इंग्रजांना मिळाला आणि त्यांचा जनरल होऊन आपल्याच लोकांवर चालून आला. जानेवारी १७८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी पगार थकले म्हणून बंड केलं. युद्ध संपल्यावर साठ हजारांच्या आसपास राजनिष्ठ लोक देश सोडून कॅनडाला, इंग्लंडला निघून गेले. कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हेनिया या दोन वसाहतींचे लोक तर एका खोऱ्याच्या मालकीवरून एकमेकांवर बंदुका चालवत होते.

म्हणजे फितुरी, भाऊबंदकी, थकलेले पगार, शिवेवरची भांडणं... सगळं आपल्यासारखंच की हो!

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, उगं काहीपण सांगू नका, परवा युनिट टेस्ट आहे."

एकच साल, एकच कंपनी

वह्या दोन असल्यामुळे एक मोठी गोष्ट पोरांच्या लक्षातच येत नाही. ती म्हणजे हे दोन्ही इतिहास एकाच वेळी चालू होते आणि समोरचा गिऱ्हाईकही एकच होता.

१७७३ साल घ्या. बंगालच्या १७६९-७० च्या भयंकर दुष्काळानंतर आणि लंडनमधल्या पैशाच्या टंचाईनंतर ईस्ट इंडिया कंपनी बुडायच्या बेताला आली होती. गोदामात चिनी चहा पडून. तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटने दोन कायदे केले. एक रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, म्हणजे कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभाराला लगाम. तो आपल्या वहीत येतो. दुसरा टी अ‍ॅक्ट, म्हणजे कंपनीचा पडून राहिलेला चहा अमेरिकेत खपवायची सोय. तो अमेरिकेच्या वहीत येतो. एकाच कंपनीचं दुखणं, एकाच वर्षी दिलेली दोन औषधं. पैकी दुसऱ्या औषधाची उलटी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात झाली आणि चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० ऑगस्ट १७७३ ला, पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता.

पुढची दहा वर्षंही अशीच समांतर जातात. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटलं. पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिलला, अमेरिकेत लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली. १७७७ मध्ये तिकडे साराटोगाला इंग्रजांची अख्खी फौज शरण आली, तर जानेवारी १७७९ मध्ये इकडे वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून तह करायला लावला. फ्रेंच दोन्हीकडे होते. तिकडे त्यांनी उघड युती केली, इकडे सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांकडे येऊन बसला. तेव्हाचे अमेरिकन लोक हिंदुस्थानच्या बातम्याही वाचत होते. १७८२ साली पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव चक्क 'हैदर अली' होतं! मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, सप्टेंबर १७८३ मध्ये पॅरिसचा.

म्हणजे १७८३ मध्ये हिशोब मांडला तर? अमेरिकन स्वतंत्र झाले होते आणि मराठेही इंग्रजांशी लढून ताठ उभे होते. दोघेही जिंकले नाहीत तरी हरले नव्हते, असं मराठ्यांबद्दल म्हणा हवं तर. मग पुढच्या वीस वर्षांत असं काय झालं?

खरी गंमत युद्धानंतर आहे

आपल्याकडे कॉलेजात अमेरिकन क्रांती १७८३ ला संपते. परिणाम क्रमांक आठ लिहिला की पान उलटून पोरं फ्रान्सला जातात. पण त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांतच आपल्या कामाचं सगळं आहे.

युद्ध जिंकलेली अमेरिका हा एक देशच नव्हता. तेरा राज्यांचा तो एक सैलसर संघ होता. त्यांचा जो करारनामा होता त्यात मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. काँग्रेसने राज्यांना मागणीपत्र पाठवायचं आणि राज्यांनी जमलं तर पैसे द्यायचे. राज्यं अर्थातच द्यायची नाहीत. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार पाहिजे. आयात मालावर पाच टक्के जकात लावू द्या, एवढी साधी विनंती १७८२ साली एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळली. पैसाच नाही, तर फौज कुठली? जून १७८४ मध्ये काँग्रेसने आपली फौज जवळजवळ मोडीत काढली. किती शिपाई ठेवले असतील? ८०. आठ हजार नाही, आठशे नाही, ऐंशी.

मग १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जात बुडालेले शेतकरी उठले. पुढारी डॅनियल शेज, स्वतः युद्धात लढलेला माणूस. जमिनी जप्त होऊ नयेत म्हणून ते कोर्टांची कामं बंद पाडू लागले. काँग्रेसकडे ना माणसं, ना पैसा. शेवटी बोस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून राज्याची फौज उभी केली आणि बंड मोडलं. (मराठवाड्यातल्या माणसाला कोणाची बाजू घ्यावी हे इथे कळत नाही. मला तरी शेजचीच घ्यावीशी वाटली.)

या धक्क्यानंतर मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला प्रतिनिधी जमले. एकूण ५५ आले. ऱ्होड आयलंडने तर कोणाला पाठवलंच नाही! जुना करार दुरुस्त करायला म्हणून जमले आणि खिडक्या-दारं बंद करून चार महिन्यांत नवीन राज्यघटनाच लिहून बाहेर पडले. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे एक सभागृह, छोट्या राज्यांना समान जागांचं दुसरं. मध्यवर्ती सरकार राज्यांपुढे हात न पसरता थेट माणसांकडून कर घेणार. राज्याराज्यांचं भांडण झालं तर वर न्यायालय. आणि मंजुरीला तेराची गरज नाही, नऊ पुरेत.

त्या घटनेवर ३९ जणांनी सह्या केल्या, ती तारीख होती १७ सप्टेंबर १७८७.

ही तारीख मी पहिल्यांदा बसमध्ये ऐकली तेव्हा रिवाइंड करून परत ऐकली होती. आमचा सतरा सप्टेंबर! निव्वळ योगायोग, मान्य. पण भाचीला हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा वही बाजूला ठेवली.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट

इथे थोडं विषयांतर करतो. एका जुन्या नोकरीत आमच्या टीममधल्या नवीन पोराने रात्री एक चुकीची कमांड चालवली आणि ग्राहकाचा डेटाबेस उडाला. दुसऱ्या दिवशी सगळे त्या पोराच्या मागे लागले. आमच्या एका वयस्क मॅनेजरने फक्त एक प्रश्न विचारला, "त्याने केलं हे कळलं. पण एका माणसाच्या चुकीने सगळं उडेल अशी सिस्टिम आपण बनवलीच कशी?" तो प्रश्न मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

चुका होणारच. माणसं विकली जाणारच, रुसणारच, स्वार्थ बघणारच. फितुरी हे कारण म्हणून लिहिलं की जबाबदारी एका नालायक माणसावर ढकलून आपण मोकळे होतो. विचारायचं ते हे, की एक माणूस फुटला तर सगळं का कोसळतं? आर्नल्ड फुटला तरी अमेरिका कोसळली नाही. मग आपल्याकडे काय झालं?

मराठ्यांचा करारनामा

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठा सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढले. तशी ती शेवटचीच वेळ. तोवर सगळं कशाच्या जोरावर टिकलं होतं? महादजी शिंदे, नाना फडणवीस अशा माणसांच्या वजनावर. महादजी १७९४ मध्ये गेले. सवाई माधवराव १७९५ मध्ये. नाना १८०० मध्ये. माणसं गेली आणि खाली पाहिलं तर काही नव्हतंच. सरदारांनी एकत्र बसायची सभा नाही. सरंजामाचा मुलूख सरदाराने वसूल करायचा, आपल्या फौजेचा खर्च वजा घालायचा आणि राहिलं तर पुण्याला पाठवायचं. काँग्रेसच्या मागणीपत्रांची आठवण होते की नाही?

आणि भांडण झालं तर? मघाच्या त्या कनेक्टिकट-पेनसिल्व्हेनियाच्या भांडणाचा निकाल ट्रेंटनला बसवलेल्या न्यायालयाने ३० डिसेंबर १७८२ ला दिला. कुरबूर पुढेही चालली, पण निकाल द्यायला जागा होती. आता शिंदे-होळकरांचं बघा. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतराव दाद मागणार कुठे? पेशव्यांकडे? तेच तर मारणारे! मग त्यांनी तलवारीने दाद मागितली. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पळून वसईला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. ट्रेंटनच्या निकालाला वीस वर्षं आणि एक दिवस झाला होता.

यात फितूर कोण? बाजीराव? यशवंतराव? दौलतराव? प्रत्येकाच्या जागी उभं राहून पाहिलं तर प्रत्येकजण आपापल्या हिशोबाने बरोबर वाटतो. माझ्या मते गोम इथेच आहे.

असई

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला म्हटलं, चल, तुझी युनिट टेस्ट दाखवतो. दाजींची मोटारसायकल काढली. राजूरला गणपतीला नमस्कार केला, भोकरदनला चहा घेतला आणि जाफ्राबादच्या अंगाला असई गाठलं. जालन्यात जन्म जाऊन मी तिथे तोवर कधी गेलो नव्हतो, हे सांगायला लाज वाटते. गाव म्हणजे आपल्याकडचं कुठलंही गाव. कपाशी, मका, केळणा नदी आणि पलीकडून येणारी जुई नदी. या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला ती लढाई झाली.

शिंद्यांची कवायती पायदळं पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या जर्मनाच्या हाताखाली, शंभराच्या आसपास तोफा, सोबत घोडदळाचा समुद्र. समोर आर्थर वेलस्ली. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याची फौज कितीतरी लहान. वाटाड्ये म्हणाले पलीकडे जायला उतार नाही. त्याने पाहिलं, नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. म्हणजे येण्याजाण्याला उतार असलाच पाहिजे. तसा तो होता. मराठ्यांच्या तोफांनी त्याची फौज अक्षरशः भाजून काढली. त्याची १,५०० हून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, त्याच्या खालचे दोन घोडे गेले. तरी संध्याकाळपर्यंत मैदान त्याचं होतं आणि ९८ तोफा त्याच्या हातात. म्हातारपणी सुद्धा तो असईलाच आपली सर्वात चांगली लढाई म्हणायचा.

नदीकाठी उभं राहून मी भाचीला म्हटलं, "आता मोज. मराठ्यांची पाच मोठी घराणी. त्या दिवशी इथे कोण कोण होतं?"

ती बोटं मोडायला लागली. पेशवे वसईच्या तहाने इंग्रजांच्या बाजूला. गायकवाडही इंग्रजांशी करार करून बसलेले. होळकर उत्तरेत, बघत. नागपूरकर भोसले आले होते, पण त्यांचं घोडदळ फारसं लढलंच नाही आणि ते लवकरच निघून गेले. शिंदे तेवढे उरले. आणि शिंद्यांच्या पलटणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना कंपनीने आधीच निरोप धाडला होता की या निघून, तुमची सोय करतो.

"पाचातले दीड," ती म्हणाली.

या मैदानावर लढलेल्या शिपायांमध्ये कमी काही नव्हतं. तोफा अव्वल होत्या, गोलंदाज तोफांशेजारीच मेले. कमी पडली ती व्यवस्था.

आणि याची किंमत कोणी दिली? ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख त्यात गेला आणि तहात नाव घालून लिहिलंय, जालनापूरचा किल्ला आणि परगणा. हा भाग इंग्रजांचा दोस्त निजाम याच्या पदरात पडला. तेव्हापासून जालन्यावर निजामाचा अंमल तो थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. मध्ये जवळजवळ १४५ वर्षं. आम्ही दरवर्षी जे झेंडावंदन करतो त्याची दुसरी बाजू या नदीकाठी आहे. आणि १८०३ च्याच एप्रिलमध्ये त्या तेरा राज्यांच्या संघाने दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेऊन आपला मुलूख दुप्पट केला होता. एकोणीस वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे ऐंशी शिपाई होते, त्यांनी!

पण थांबा

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे अमेरिकन शहाणे आणि आपण मूर्ख? अजिबात नाही. एक तर त्यांच्या आणि इंग्रजांच्या मध्ये अटलांटिक महासागर होता. आपल्याकडे शत्रू मुंबईत, मद्रासेत, कलकत्त्यात घर करून बसला होता. दुसरं, त्यांच्या वसाहतींना निवडून दिलेल्या सभा चालवायची दीडशे वर्षांची सवय होती. सरंजामदारांना ती सवय कुठून असणार?

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. त्या घटनेची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. दक्षिणेकडची राज्यं संघात राहावीत म्हणून गुलामाला जागावाटपाच्या हिशोबात पाच भागांपैकी तीन भाग माणूस धरलं. मत देणार मालक, आकडा वाढवणार गुलाम. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही असंही त्यात लिहिलं. हे दुखणं तसंच ठेवलं आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली. मूळच्या रहिवाशांचं तर विचारूच नका.

त्यावरून एक माणूस आठवतो. जॉन पार्कर बॉइड, मॅसॅच्युसेट्सचा. १७८९ मध्ये नशीब काढायला हिंदुस्थानात आला, निजामाकडे राहिला, पेशव्यांकडे राहिला, भाडोत्री पलटणी चालवल्या. मग परत मायदेशी. १८११ मध्ये इंडियानात टिपेकनूच्या लढाईत हाच बॉइड अमेरिकेच्या चौथ्या पलटणीचा कर्नल होता. समोर कोण? टेकुमसेह हा पुढारी मूळ रहिवाशांच्या वेगवेगळ्या जमातींचा संघ बांधत होता, त्याची माणसं. टेकुमसेह स्वतः तेव्हा दक्षिणेत आणखी जमाती जोडायला गेला होता. तो संघ पुढे मोडलाच. एका माणसाने एका आयुष्यात दोन सैल संघ इतक्या जवळून पाहिले!

हा अभ्यास आपल्याकडे नवा नाही

अमेरिकेचा इतिहास शिकून आपल्याला काय करायचंय, असं दाजींनी रात्री जेवताना विचारलंच. तर दाजी, ऐका. जोतिराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेन वाचला. हा तोच पेन, ज्याच्या छोट्याशा पुस्तकाने १७७६ मध्ये अमेरिकेत रान पेटवलं. १८७३ मध्ये जोतिरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामी बंद केली त्यांना. म्हणजे त्या घटनेतली नेमकी कुठली जागा सडलेली होती हे पुण्यात बसून त्यांनी हेरलं होतं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, अर्थशास्त्राबरोबर इतिहासही शिकले.

आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत मसुदा मांडला, तेव्हा अमेरिकेच्या घटनेशी ताडून बोलले. भारताला 'युनियन' का म्हटलंय हे त्यांनी समजावून सांगितलं. आपला संघ घटकांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणाला त्यातून फुटून निघायचा हक्क नाही. अमेरिकनांना हे ठरवायला यादवी युद्ध लढावं लागलं, आपण ते आधीच लिहून ठेवू, असा त्यांचा मुद्दा. तारीख बघा. जालना मुक्त होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. असईला जी गोष्ट कमी पडली होती ती दिल्लीत कागदावर लिहिली जात होती, आणि लिहिणाऱ्याने अमेरिकेचा इतिहास नुसता पाठ केला नव्हता.

दाजी "हं" म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भाकरी घेतली. तेवढं पुरे.

भाचीची युनिट टेस्ट झाली. तिने फोनवर सांगितलं, "कारणं दहाच्या दहा लिहिली, मार्क पाहिजेत ना! पण मराठ्यांच्या प्रश्नात फितुरी पहिल्या नंबरवरून चौथ्यावर टाकली."

"आणि पहिल्यावर काय?"

"भांडण झालं तर जायचं कुठं, हे ठरलेलं नव्हतं."

मार्क किती पडले ते मी विचारलं नाही.